गॅरी न्यूमनची गाणी आणि 'भावनाशून्य' शिक्का

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रॉनिक संगीतावरचा लेख वाचला, त्यात ब्रिटिश गायक गॅरी न्यूमनची गाणी 'मशीनचं भावनाशून्य संगीत' म्हणून एका वाक्यात निकालात काढलीयेत, ते अजिबात पटलं नाही. मी त्याचा फॅन आहे हे आधीच सांगतो. 1979 च्या 'द प्लेझर प्रिन्सिपल' अल्बममध्ये गिटार नाही हे खरंय, पण ड्रम्सवर सेड्रिक शार्पली होता, बेस पॉल गार्डिनरचा, व्हायोलिन-व्हायोलासुद्धा आहे, आणि सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारे कीबोर्ड) माणसांनीच हाताने वाजवलेत, मग मशीनचं कसं? त्यातलं 'कार्स' हे गाणं तर न्यूमनला बेस गिटारवर सुचलं! लंडनच्या ट्रॅफिकमध्ये काही लोक त्याच्या अंगावर धावून आले, तो गाडीची दारं लॉक करून आत बसला, त्या भीतीतून हे गाणं आलंय, आणि शब्द मध्यावरच संपतात, पुढे नुसता सिंथ वाजत राहतो, तिथे तर मला ती घुसमट जास्त जाणवते. आवाज सपाट ठेवला म्हणजे आत काहीच नाही असं कसं म्हणायचं, उलट घाबरलेला, एकटा पडलेला माणूस असाच बोलतो ना. त्याच वर्षी त्याचं पाच मिनिटांहून मोठं 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' ब्रिटनमध्ये चार आठवडे नंबर वन होतं, त्यातला मधला बोललेला भाग लेखकाने एकदा हेडफोन लावून शांतपणे ऐकावा आणि मग पुन्हा लिहावं, एवढीच विनंती.

– एक वाचक