माझ्या ज्युनो-१०६ वर मारलेला ‘छेडछाड’ हा शेरा काढून टाकण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री सेवा

महोदय,

आपल्या सेवेमार्फत मी माझा रोलँड ज्युनो-१०६ हा ॲनालॉग सिंथेसायझर (विजेच्या प्रवाहातून आवाज घडवणारे कीबोर्डसारखे वाद्य) पुण्याच्या एका तरुण संगीतकाराला विकला होता. त्याने पूर्ण रक्कम भरली होती. आपल्या नियमाप्रमाणे वाद्य नाशिकहून आधी भिवंडीच्या तपासणी केंद्रात गेले आणि तिथे ‘वस्तू बंद, आत छेडछाड केलेली, मूळ भाग नाहीत’ असा शेरा मारून विक्री रद्द करण्यात आली. खरेदीदाराचे पैसे त्याला परत मिळाले, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. पण माझ्या खात्यातून तपासणी आणि परतपाठवणीचे ३,४०० रुपये कापले गेले. वाद्य उडालेल्या फ्यूजसह आणि मोडलेल्या स्लायडरसह (आवाज बदलण्यासाठी वर-खाली सरकवायची दांडी) घरी आले. माझ्या विक्रेता खात्यावर ‘सदोष वस्तू पाठवली’ ही नोंद आजही कोणालाही दिसते आहे.

हा शेरा चुकीचा आहे. वाद्य बंद पडले ते आपल्या केंद्रात, आणि ज्याला आपण छेडछाड म्हणता त्या कामामुळेच ते चालू होते.

अहवालात या वाद्याचे वर्णन ‘जुना कीबोर्ड, ६१ बटणे’ एवढेच आहे, म्हणून ते काय आहे हे सांगणे भाग आहे. रोलँडने ज्युनो-१०६ बाजारात आणला १९८४ साली. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारी मिडी पद्धत त्याच्या आदल्याच वर्षी आली होती आणि ती ज्युनोत पहिल्यापासून आहे. एका वेळी सहा सूर वाजतात, १२८ टोन, म्हणजे आपण बसवलेले आवाज, साठवता येतात. सुराची उंची डिजिटल घड्याळ सांभाळते, त्यामुळे मंडपातल्या उकाड्यातही तो सुरातून हलत नाही. पण आवाज प्रत्यक्ष घडतो तो विजेच्या प्रवाहातून, सहा सुरांच्या सहा स्वतंत्र वाटांतून, आणि प्रत्येक वाटेवर स्वतःचा फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, आहे. समोरच्या पॅनेलवर जवळपास प्रत्येक गोष्टीला स्लायडर आहे. वाजवता वाजवता हाताने आवाज उघडायचा, मिटायचा. नंतरच्या कीबोर्डांनी हे सुख काढून घेतले, सगळे छोट्या पडद्यामागच्या मेनूत गेले.

मी हे वाद्य नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका स्टुडिओ वादकाकडून घेतले, तेव्हाही ते जुनेच होते. नाशिकच्या वाद्यवृंदांत मी ते वर्षानुवर्षे वाजवले. गणेशोत्सवातले कार्यक्रम, कालिदास कलामंदिरातले प्रयोग, कॉलेज रोडच्या हॉलमधली स्वागत समारंभांची रात्र. आमच्यासारख्या वाद्यवृंदाला व्हायोलिनवादकांचा ताफा कधीच परवडला नाही. जुन्या गाण्यांतल्या स्ट्रिंग्ज आल्या की मी कोरसचे, म्हणजे आवाज दाट आणि पसरट करण्याचे, दुसरे बटण दाबायचो आणि गाणाऱ्याच्या मागे आवाज असा पसरायचा की मागच्या रांगेतली माणसे मान वर करून स्टेजवर कोण वाजवते आहे ते पाहायची. तो टोन मी स्वतः बसवलेला होता. दुसऱ्या कोणत्याही कीबोर्डवर मला तो तसा मिळाला नाही.

आता खांद्याच्या दुखण्यामुळे कार्यक्रम बंद झाले. असे वाद्य कपाटावर पडून राहिले की बिघडते. स्लायडरमध्ये धूळ बसते, पट्ट्यांखालचे रबराचे संपर्क कडक होतात. ते वाजवणाऱ्याच्या हातात जावे म्हणून मी विकायला काढले. मला ते विकताना आनंद झालेला नाही, एवढे आपण समजून घ्यावे.

आता त्या ‘बदललेल्या भागां’बद्दल. ज्युनो-१०६ मध्ये प्रत्येक सुराचा फिल्टर आणि आवाजाची पातळी सांभाळणारे ८००१७ए नावाचे भाग असतात, एकूण सहा. यांनाच व्हॉइस चिप म्हणतात. हा साधा आयसी नव्हे. लहानशा बोर्डावर सुटे भाग जोडून वरून काळ्या राळेसारख्या इपॉक्सीचा लेप दिलेला असतो. वर्षे उलटली की हाच लेप घात करतो. आतल्या सर्किटमध्ये गळती सुरू होते, एखादा सूर करकरतो, एखादा पट्टी सोडली तरी घोंगावत राहतो, एखादा मुकाच होतो. जगभरातले ज्युनो-१०६ याच दुखण्याने आजारी पडतात आणि त्यावर उपाय दोनच आहेत. ॲसिटोनमध्ये बुडवून लेप सोडवायचा, किंवा हल्ली नव्याने बनवले जाणारे पर्यायी भाग बसवायचे. रोलँड मूळ भाग आता बनवत नाही. म्हणजे ज्या ‘मूळ भागां’ची आपला अहवाल अपेक्षा करतो, ते सगळे जागेवर असलेला ज्युनो बहुतेक वेळा नीट न वाजणारा ज्युनो असतो.

माझ्या वाद्यात सहाच्या सहा भाग नवे आहेत. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञांनी ते बसवले. त्याच वेळी पॉवर सप्लायचे सुकलेले कपॅसिटर बदलले, पट्ट्यांखालचे संपर्क बदलले, स्लायडर उघडून साफ केले. टोन लक्षात ठेवणारा सेल या वाद्यात बोर्डावर थेट सोल्डर केलेला असतो. तो काढून तिथे सॉकेट बसवले, म्हणजे पुढच्या मालकाला सेल बदलण्यासाठी सोल्डरिंगची गरज पडू नये. प्रत्येक कामाचे बिल आणि काम चालू असतानाचे फोटो मी विक्रीच्या माहितीत जोडले होते. निघालेले जुने भागही वेगळ्या पाकिटात नाव लिहून सोबत पाठवले होते. छेडछाड करणारा माणूस असे करत नाही.

तबल्याची पुडी बदलली म्हणून तबला खोटा ठरत नाही. वाजते ठेवलेल्या वाद्याचे भाग बदलावेच लागतात, आणि ते कोणी व कसे बदलले यावर त्याची किंमत ठरते.

खरेदीदाराला हे नीट माहीत होते. आपल्याच सेवेतल्या आमच्या संभाषणात त्याचा पहिला प्रश्न होता, ‘व्हॉइस चिप बदलल्या आहेत का?’ मी हो म्हटल्यावर त्याने सहाही सूर एकेक करून वाजवलेला व्हिडिओ मागितला. तो पाहून झाल्यावर त्याने भाव मान्य केला. एक लाख साठ हजार रुपये त्याने त्या दुरुस्तीसकट मोजले होते, किंबहुना त्या दुरुस्तीसाठीच. ज्या गोष्टीसाठी गिऱ्हाइकाने पैसे दिले तीच गोष्ट दोष म्हणून नोंदवून आपण सौदा मोडलात, आणि तेही त्याला एका शब्दाने न विचारता. त्याला आपल्याकडून गेलेल्या संदेशात फक्त ‘वस्तू वर्णनाशी जुळत नाही’ असे होते. माझ्या वर्णनाशी ती अक्षर न् अक्षर जुळत होती.

‘वस्तू बंद’ या शेऱ्याबद्दल मला जास्त राग आहे.

माझे वाद्य जपानच्या बाजारासाठी बनलेले, १०० व्होल्टवर चालणारे आहे. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. म्हणून सोबत स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर दिला होता. ही गोष्ट विक्रीच्या वर्णनात पहिल्या ओळीत लिहिलेली होती. खोक्यावर मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत होती. प्लगभोवतीसुद्धा मी ‘१०० व्होल्ट, थेट लावू नये’ अशी पट्टी गुंडाळली होती. वाद्य परत आले तेव्हा ट्रान्सफॉर्मरचे पाकीट मी लावलेल्या चिकटपट्टीसह जसेच्या तसे बंद होते. आणि आपल्या अहवालातल्या चौथ्या फोटोत वाद्याचा चपट्या पिनांचा प्लग एका अडॅप्टरमधून सरळ भिंतीवरच्या बोर्डात लावलेला स्पष्ट दिसतो. गोल पिनांच्या सॉकेटमध्ये तो आपोआप बसत नाही. कोणीतरी माझी पट्टी सोडवली, अडॅप्टर शोधला आणि दुपटीहून जास्त दाब वाद्यात सोडला. फ्यूज उडाला. मग अहवालात ‘बंद’ लिहिले.

फ्यूजने आपले काम केले म्हणून पुढचे बोर्ड वाचले. त्याच तंत्रज्ञांनी पॉवर सप्लाय तपासून नवा फ्यूज घातला आणि वाद्य पुन्हा सुरू झाले. त्यांचा लेखी अभिप्राय सोबत जोडला आहे.

तपासणाऱ्याने सेलही सॉकेटमधून काढून घेतला, अहवालात कारण दिले आहे ‘वाहतुकीस धोकादायक’. सेल काढताच साठवलेले सगळे टोन पुसले गेले. ज्युनोच्या मागे टेपसाठी सॉकेट आहे आणि माझे टोन मी कॅसेटवर काढून ठेवलेले होते, त्यामुळे ते परत भरता आले. खरेदीदाराने ते टोनही मागून घेतले होते. फिल्टर फ्रिक्वेन्सीच्या स्लायडरची दांडी मात्र मुळापासून मोडली आहे. हा या वाद्यातला सर्वात जास्त हाताळला जाणारा स्लायडर. तो भाग नाशिकच्या किंवा मुंबईच्या दुकानात सहज मिळत नाही, बाहेरून मागवावा लागणार आहे.

ज्युनो तपासणे अवघड नाही, म्हणून हे सगळे अधिक लागते. की ट्रान्सपोज हे बटण दाबून धरून वाद्य चालू केले की ते टेस्ट मोडमध्ये जाते. मग एकेक पट्टी दाबत गेले की कोणत्या क्रमांकाचा सूर वाजतो आहे ते समोरच्या आकड्यांत दिसते. सहा पट्ट्या, सहा सूर, दोन मिनिटांचे काम. ही कृतीसुद्धा मी माहितीपत्रकात लिहून दिली होती. पण अहवालात जे रकाने आहेत ते असे: मूळ सील, मूळ बॅटरी, मूळ भाग, यूएसबी पोर्ट. ही मोबाइल फोनची तपासणी यादी आहे. फोनसाठी ती बरोबर असेल, कारण तिथे बनावट बॅटरी आणि बनावट पडदा हे खरेच फसवणुकीचे प्रकार आहेत. चाळीस वर्षांच्या वाद्याला ती लावली की जो मालक खर्च करून वाद्य जिवंत ठेवतो तो नापास होतो, आणि सील न तोडता ते कुजू देणारा पास होतो. जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, फिल्म कॅमेरे विकणाऱ्यांनाही हाच अनुभव येत असला पाहिजे.

ग्राहक सेवेकडे मी हे सगळे पुराव्यांसह कळवले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ‘तपासणी अहवाल अंतिम असून त्यात बदल करता येत नाही.’ फोटो क्रमांक चार पाहिला का, या प्रश्नाला कोणीही उत्तर दिलेले नाही.

म्हणून मी आपल्याकडे या पत्राने औपचारिक तक्रार करतो आहे. माझ्या खात्यावरची ‘सदोष वस्तू’ ही नोंद काढावी आणि अहवालात वाद्य केंद्रात चुकीच्या दाबावर लावल्याने बंद पडले असे दुरुस्त करून तो मला लेखी पाठवावा. तोच दुरुस्त अहवाल खरेदीदारालाही पाठवावा. तो आता घेईल की नाही हे त्याने ठरवावे, पण मी त्याला फसवले असे त्याला वाटत राहणे मला मान्य नाही. पैशांपेक्षा मला याचे जास्त वाटते. कापलेले ३,४०० रुपये, फ्यूज व तपासणीचे तंत्रज्ञांचे बिल आणि स्लायडरचा खर्च भरून द्यावा. आणि विक्रीच्या फॉर्ममध्ये ‘केलेली दुरुस्ती व सुधारणा’ असा वेगळा रकाना ठेवून, विक्रेत्याने जाहीर केलेली आणि खरेदीदाराने मान्य केलेली सुधारणा दोष म्हणून धरू नये, अशी सूचना तपासणी केंद्रांना द्यावी.

मी आपली सेवा शुल्क भरून घेतली आहे, तेव्हा मी आपला ग्राहक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो त्या नाशिक जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागेन. कागदपत्रे तयार आहेत.

आपल्या केंद्रातल्या ज्या कर्मचाऱ्याने प्लग लावला त्याच्यावर कारवाई व्हावी असे मी मागत नाही. त्याच्या हातात फोनची यादी दिलेली होती. ती यादी ज्यांनी दिली त्यांच्याकडून मला उत्तर हवे आहे.

आपला,
ज्युनो-१०६ चा विक्रेता
गंगापूर रोड, नाशिक

सोबत: दुरुस्तीची बिले व फोटो, खरेदीदाराशी झालेल्या संभाषणाची प्रत, सहा सुरांचा व्हिडिओ, आपला तपासणी अहवाल (फोटो क्रमांक चार खूण करून), ट्रान्सफॉर्मरच्या बंद पाकिटाचे फोटो, तंत्रज्ञांचा अभिप्राय.