बाद झालेल्यानं करायचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसानं झड धरली की कोल्हापुरातली मैदानं चिखलात जातात आणि आठवी ते बारावीच्या पोरांचे वाढदिवस बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये उरकले जातात. केक कापला की अर्ध्या तासात सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. 'या पोरांना खेळच नकोत' असं म्हणून घरचे मोकळे होतात. पण त्यांच्यापुढे ठेवतो काय आपण? संगीतखुर्ची! बारा जणांत अकरा खुर्च्या मांडल्या की पहिला बाद झालेला पुढच्या दहा फेऱ्या भिंतीला टेकून बसणार. सात वर्षांचं पोर तेवढा वेळ टाळ्या वाजवतं, पंधरा वर्षांचं खिशात हात घालतं. शिवाय गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावलं की कुणीतरी आपटतंच.

या वयाला संशय घ्यायला, वाद घालायला आणि थापा मारायला आवडतं. म्हणून 'माफिया' घ्यावा. १९८६ साली मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ यानं तो काढला. सामान लागतं फक्त पत्त्यांचा कॅट. अकरा खेळाडू आणि एक सूत्रधार धरा. दोन गुलाम म्हणजे चोर, बादशहा पोलीस, राणी डॉक्टर, उरलेली सात साधी पानं गावकऱ्यांची. चिठ्ठ्या करू नयेत, त्या चुरगळतात आणि कुणाची कुठली ते दुसऱ्या डावात कळतं. सूत्रधार 'गाव झोपलं' म्हणाला की सगळे डोळे मिटतात. मग चोर डोळे उघडून खुणेनं एकाला उडवतात, डॉक्टर एकाला वाचवतो, पोलीस एकाची चौकशी करतो. सकाळी गाव चर्चा करून, हात वर करून एकाला बाहेर काढतं. दोन्ही चोर सापडले तर गाव जिंकलं, चोर आणि उरलेले लोक समसमान झाले तर चोर.

डाव फसतो तो बारीकसारीक गोष्टींनी. रात्री शेजारच्याचा पँट घासल्याचा आवाज आला तरी चोर कळतो, म्हणून डोळे मिटलेले असताना सगळ्यांनी मांडीवर हलका ताल धरावा. सूत्रधारानं मान न वळवता समोर बघून बोलावं, नाहीतर आवाज कुठल्या बाजूला गेला त्यावरून पोरं बरोब्बर ओळखतात. चर्चेला तीन मिनिटं, घड्याळ लावून. नाहीतर दोघंच भांडत बसतात आणि बाकीचे जांभया देतात. इथंही बाद होणं आहेच, पण मेलेल्यानं डोळे उघडे ठेवून सूत्रधाराशेजारी बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सगळं दिसत असून बोलता येत नाही, यातच खरी गंमत आहे. पहिला जो मरेल तो पुढच्या डावाचा सूत्रधार. आणि एकाच पोराला दरवेळी पहिल्या रात्री उडवण्याची खोड असते, ती चेष्टा राहत नाही. पहिला मेलेला सूत्रधार होऊन परत खेळायला आला की त्याला पहिली रात्र माफ, हा नियम आधीच सांगून ठेवावा.

दमशेराज सगळ्यांना येतं, तरी भांडणं होतात, कारण समोरचा संघ मुद्दाम कुणी न ऐकलेलं सिनेमाचं नाव देतो. घरच्यांनीच तीसेक चिठ्ठ्या लिहून ठेवाव्यात. सिनेमे थोडे, म्हणी आणि गावातली ठिकाणं जास्त. 'खासबाग' या कुस्तीच्या मैदानाला एक शड्डू ठोकला की खोली ओरडते. 'बिंदू चौक'ला तळहातावर ठिपका आणि चार दिशांना बोट. 'रंकाळा' तलाव मात्र भल्याभल्यांना जमत नाही. प्रत्येकाला नव्वद सेकंद, ओठ हलले की पाळी गेली. बाबूराव पेंटरांनी मूकपट काढले त्या गावातल्या पोरांना एवढं यायलाच हवं!

गाण्याच्या भेंड्यांत 'ळ' आणि 'ण' वर हमखास अडतं. 'ळ'ला 'ल', 'ण'ला 'न' चालेल हे आधी ठरवावं, आणि हिंदी गाण्यांना मोकळीक द्यावी. हाऊजी नव्वद आकड्यांचा. त्यात डोकं लावायचं काहीच नसल्यानं दुसऱ्या तिकिटाला पोरं उठतात.

'ट्रुथ ऑर डेअर' बंद करा म्हटलं तर ती आतल्या खोलीत जाऊन खेळतील. त्यापेक्षा आव्हानं चिठ्ठ्यांवर लिहून मोठ्या कुणीतरी नजरेखालून घालावीत. कुणाला फोन लावणं, कपडे, खाण्यापिण्याची जबरदस्ती यातलं काही नको. एकदा 'पास' म्हणायची मुभा प्रत्येकाला हवी. आणि त्या वेळी सगळे मोबाईल बंद करून एका टोपलीत, कारण केलेली फजिती दहा मिनिटांत कुणाच्यातरी स्टेटसवर असते.

खेळ जेवणाआधी घ्यावेत. तांबडा-पांढरा ओरपल्यावर कुणी उठत नाही. ओल्या छत्र्या दाराबाहेर बादलीत, सोफा भिंतीला, खाली सतरंजी, एवढ्यानं बारा जण मावतात.

आपल्या पुरवणीत पावसाळाभर दर आठवड्याला अशा एका खेळाचे नियम कात्रण काढून ठेवता येईल असे छापावेत, ही विनंती.

आपला,
शिबिरांत खेळ घेणारा एक कार्यकर्ता,
शिवाजी पेठ, कोल्हापूर