ग्रुप बंद करू नकोस

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "आई, मी ग्रुपच बंद करते." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. बाहेर मोर्चे, दगडफेक आणि हातातल्या फोनवर तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या चारशे माणसांचा राग. कोणीही थकेल.

पण बंद करू नकोस. २०११च्या ऑगस्टमध्ये लंडनला दंगल पेटली, तेव्हा लुटालुटीचे निरोप ब्लॅकबेरी मेसेंजरवरून फिरत होते. प्राणिसंग्रहालयातून वाघ सुटल्याची अफवाही ट्विटरवर उठली. अशा वेळी लोकांचा सोशल मीडिया तोडावा का, हा विचार ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत बोलून दाखवला. पण त्याच ट्विटरवरून हाक गेली आणि दंगलीनंतरची साफसफाई करायला शेकडो माणसं झाडू घेऊन लंडनच्याच क्लॅपहम जंक्शनला जमली. सगळं तोडलं असतं, तर झाडूवाल्यांनी एकमेकांना शोधलं कसं असतं?

रात्री काही तास फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं ठेव. राग मात्र पुसू नकोस. "आमच्यावर अन्याय झालाय" हे कितीही कडवट शब्दांत आलं तरी राहू दे. "उद्या अमक्याच्या घरावर चला" हे त्याच क्षणी काढ आणि का काढलंस ते दोन ओळींत लिही. नुसतं 'ॲडमिनने डिलीट केला' एवढंच दिसलं की संशय तिथूनच सुरू होतो. मोर्चातल्या मुलांचे चेहरे दिसणारे फोटोही नकोत.

आणि "हाच तो" म्हणून कुणाचा फोटो आला, तर तो काढायला अजिबात थांबू नकोस. २०१३ साली बोस्टनच्या बॉम्बस्फोटानंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर लोकांनी फोटो ताडून एका निरपराध विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं. तो मुलगा महिनाभर बेपत्ता होता, घरचे त्याला शोधत होते आणि त्यांनाच शिव्या ऐकाव्या लागल्या. पुढे त्याचा मृतदेह सापडला. रेडिटने माफी मागितली. त्या आईचा विचार माझ्या मनातून जात नाही गं.

हे सगळं एकटीने करू नकोस. दोघातिघांना ॲडमिन कर, त्यातला एक तरी तुझ्याशी न पटणारा असू दे. आणि पहाटे तीन ते सहा मला दे. मी जागीच असते. तू फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोप.

तुझी,
आई