हेल्थ केअरच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात न्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की सगळीकडे ‘पुढे काय?’ची पाने सुरू होतात. इंजिनीअरिंग, सीए, नीट, आता तर एआयसुद्धा. सरकारी शाळांत नववीपासून हेल्थ केअर नावाचा एक ट्रेड, म्हणजे व्यवसाय शिक्षणाचा विषय, घेता येतो, त्याबद्दल मात्र त्यात ओळही सापडत नाही. इथे ग्वाल्हेरला, आमच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांमध्येही बहुतेकांना याचा पत्ता नाही. ज्यांची मुलगी हा ट्रेड घेते, ते चारचौघांत बोलत नाहीत. ‘पोरीला आया करायचंय का?’ असे कुणी विचारेल, ही धास्ती.

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते, पुढे सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंग शिकवणारी सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. एका शाळेने बारावीच्या मुलींची प्रॅक्टिकलची तयारी बघायला बोलावले, तेव्हा हा ट्रेड जवळून पाहिला.

अभ्यासक्रमाला मी नावे ठेवणार नाही. भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने तो नीट बांधला आहे. यातून तयार होणाऱ्या माणसाला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात, रुग्णालयात नुसते जीडीए. नाडी, ताप, श्वास मोजणे, बेड लावणे, स्पंज देणे, भरवणे, पेशंटला कुशीवर वळवणे, व्हीलचेअरवर घेणे. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मी जे शिकवायचे, त्यातले बरेच काही यात आहे. कौशल्य शिक्षणाची राष्ट्रीय चौकट 2013 च्या डिसेंबरात जाहीर झाली. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तर 2025 पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे लिहिले आहे. म्हणजे कागद भक्कम आहे.

आता शाळेत काय दिसले ते सांगते. एका मुलीने हात धुण्याच्या पायऱ्या पाढे म्हणावेत तशा घडाघडा म्हणून दाखवल्या. मी म्हटले, आता धुऊन दाखव. बेसिन होते, नळाला पाणी नव्हते. दुसरीने बीपीचा कफ स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळला. सरावाचा पुतळा कुठे आहे विचारले तर तो कपाटात, अंगावरचे प्लास्टिकही काढलेले नव्हते. ‘खराब होईल म्हणून काढत नाही मॅडम.’ शिकवणारी मुलगी एजन्सीमार्फत नेमलेली, हुशार आणि कळकळीची, पण पगार कधी होईल याचा तिला भरवसा नव्हता. रुग्णालय दाखवले का? हो, वर्षातून एकदा. बॅनर धरून पोर्चमध्ये फोटो, मग ओपीडीतून एक चक्कर आणि परत. रिपोर्टमध्ये मात्र ‘ऑन द जॉब ट्रेनिंग’ लिहिलेले होते.

मुलींना दोष कसा देणार? पेशंटला हात लावल्याशिवाय हे काम येत नाही.

कुशीवर वळवणे हीच गोष्ट घ्या. पुस्तकात तिला अर्धे पान. वॉर्डात समोर अर्धांगाचा पेशंट असतो, एका हाताला सलाइन, खाली कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. आधी युरिन बॅग कुठल्या बाजूला आहे ते बघायचे. नळीला ताण बसता कामा नये आणि बॅग कमरेच्या वर उचलायची नाही, नाहीतर लघवी उलटी आत जाते. लुळ्या हाताला धरून ओढायचे नाही, खांदा निखळतो. दोघींनी ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, धरून एकाच वेळी सरकवायचे. पाठीला उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीपासून सुट्या. आणि पाठ उघडी आहे तोवर माकडहाडाची जागा बघून घ्यायची. लाली असेल तर बोटाने दाबायची. दाबल्यावर फिकी पडली नाही तर बेडसोरची सुरुवात झाली समजायचे आणि ताबडतोब सिस्टरला सांगायचे. दोन तासांनी पुन्हा हेच.

शिवाय पुतळ्याला लाज वाटत नाही. नातीच्या वयाची मुलगी बेडपॅन घेऊन आली की आजोबा तोंड भिंतीकडे फिरवतात. अशा वेळी आधी पडदा ओढायचा, काय करणार आहोत ते हळू आवाजात सांगायचे आणि मगच भांडे पुढे करायचे. पेशंट शुद्धीवर नसला तरी सांगायचे. हे मी वर्गात कितीदा शिकवले असेल, पण मुलींच्या अंगी बाणले ते वॉर्डातच.

आपल्याकडे सरकारी वॉर्डात हे काम करतो कोण? भिंड-मुरैन्याहून पेशंटबरोबर आलेला अटेंडर, म्हणजे त्याचा भाऊ नाहीतर सून. त्यांना कुणी काही शिकवलेले नसते. घरोघरी म्हाताऱ्यांसाठी बाई ठेवतात, तिथेही तीच गत. तेव्हा जीडीएला काम नाही, असे कुणी म्हणू नये. चांगला जीडीए मिळत नाही, ही तक्रार आहे.

‘आया’ म्हणून नाक मुरडणाऱ्या पालकांनी एक नियम माहीत करून घ्यावा. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमांत मान्य बोर्डाची व्यावसायिक शाखेतली हेल्थ केअर सायन्स घेतलेली बारावी एएनएम या नर्सिंगच्या सुरुवातीच्या कोर्सला चालते, आणि इंग्रजीसह 40 टक्के असतील तर जीएनएमलाही चालते. बीएस्सी नर्सिंगला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतातच. हे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी सांगायला हवे. त्या शाळेतल्या दोघी-तिघींना बीएस्सी करायचे होते आणि त्या आर्ट्समध्ये होत्या. त्यांना हे त्या दिवशी माझ्याकडून कळले. मला तरी तो दिवस जड गेला.

कागदावरच्या प्रशिक्षणाचे काय होते, हे मध्य प्रदेशला नव्याने सांगायला नको. नर्सिंग कॉलेजांची प्रकरणे हायकोर्टात गेली, सीबीआयला कॉलेजे तपासायला लावली आणि तपासणाऱ्यांतलेच काही जण लाचेच्या प्रकरणात पकडले गेले. त्या पेपरबाजीत प्रामाणिक मुलींची वर्षे गेली ती गेलीच. शाळेतला हा ट्रेड अजून लहान आहे, त्याला ही सवय लागायच्या आत वळण लावता येईल.

ग्वाल्हेरला हे अवघड नाही. शिंदे सरकारांच्या वेळचे जयारोग्य रुग्णालय आहे, शेजारी लोक ज्याला ‘हजार बिस्तर’ म्हणतात ते नवे रुग्णालय आहे, 1946 पासूनचे गजराराजा मेडिकल कॉलेज आहे. लष्करातल्या शाळांना तिथे जायला बसही नको. बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातल्या दोन दुपारी एकाच वॉर्डात, एकाच इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली द्यावे. दर वेळी नवा वॉर्ड नको, त्यात नुसते फिरणे होते. इंजेक्शन, औषध, कॅथेटर यांना हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावावे. कचऱ्याची पिवळी आणि लाल पिशवी, निळ्या खुणेचा डबा आणि सुयांचा पांढरा डबा यांत काय टाकायचे ते पाठ नसेल तर वॉर्डात पाऊल नको. सिस्टरच्या सहीची वही ठेवावी आणि प्रॅक्टिकलचे निम्मे गुण त्या वहीला द्यावेत. सिस्टरला त्याचे मानधनही द्यावे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची गर्दी आधीच असते, हे मला चांगले ठाऊक आहे. पण ती सकाळी असते, दुपारी तीननंतर वॉर्ड मोकळे पडतात.

आणि हिपॅटायटिस बीची लस. ही कुणाच्या डोक्यातच नाही. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस लागतात, त्यामुळे ऐन वेळी काही होत नाही. अकरावीत लस आणि बारावीत वॉर्ड, असा क्रम लावला तर सहज बसतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना लस न देता सुया पडलेल्या जागी पाठवायला मी तरी संमती देणार नाही.

सोबत जायला माणसे नाहीत, असे शाळा म्हणतील. लष्करात आम्ही निवृत्त सिस्टर बऱ्याच जणी आहोत, दुपारी मोकळ्याच असतो. आम्हाला मानधनही नको. फक्त ओळखपत्र द्या, नाहीतर गेटवरचा गार्ड आम्हालाच अटेंडर समजून भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढतो.

आपली नम्र,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर
लष्कर, ग्वाल्हेर