पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "स्क्रू डबीत टाकलेस का?" असं विचारून विषय संपवता. म्हणून हे उघड पत्र. नाव मुद्दाम लिहीत नाही. उद्या जुनी यंत्रं घेऊन दुकानासमोर रांग लागली तर तुमच्या शिव्या मलाच खाव्या लागतील.

व्हिडिओ गेमवर बोलणारे मला पुष्कळ भेटतात. ग्राफिक्स भारी, स्टोरी बोअर, कंट्रोल बेकार, एवढ्यावर गाडी थांबते. तुम्ही आयुष्यात एकही गेम खेळला नाहीत आणि तरी कुठला गेम हाताला असा का लागतो, हे मला तुम्हीच सांगितलंत.

माझा तो पिवळा पडलेला 'टीव्ही गेम' आठवतो का? निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची नक्कल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्यांच्या घरी व्हिडिओ गेम असायचा, त्यांच्याकडे बहुतेक असलंच काहीतरी असायचं. तुम्ही झाकण काढलंत, तर आत बोर्डावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका आणि चार-दोन सुटे भाग. अख्खा फॅमिकॉम त्या ठिपक्याखाली. मी म्हटलं, जपानहून आलेल्या खऱ्या यंत्रावर मारिओ उगाच घाईत असल्यासारखा वाटतो आणि गाणंही वेगळं लागतं, कान खराब झाले की काय? तुम्ही दोन्ही यंत्रं स्कोपला, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला लावलीत. आपलं यंत्र आपल्याकडच्या 'पाल' (PAL) पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेलं, सेकंदाला 50 चित्रं काढणारं. जपानी यंत्र 60 काढतं, म्हणून मारिओही तेवढा जोरात पळतो. आणि आवाजाच्या चौकोनी लहरींपैकी दोन प्रकार नकली चिपमध्ये उलटेपालटे झालेले होते. बऱ्याच नकलांत हे असतं म्हणे. सूर तेच, पोत निराळा. म्हणजे आमच्या चाळीतल्या सगळ्या पोरांनी लहानपणी जो मारिओ ऐकला, तो त्याचे संगीतकार कोजी कोंदो यांनी बसवला तसा नव्हताच! मला अजूनही आमचाच बरा वाटतो, हा भाग वेगळा.

गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवयही तुम्हीच मोडलीत. "थुंकी उडते त्यात, पिना गंजतात," एवढं म्हणून कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हातात दिलीत. कॅसेट चालायची ती फुंकरीने नव्हे, बाहेर काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे.

बदकांच्या बंदुकीचं प्रकरण मात्र माझ्या आवडीचं. 'डक हंट' हा खेळण्यातल्या बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपायचा 1984 चा गेम. घरच्या नव्या एलईडी टीव्हीवर एक बदक पडेना. तुम्ही हसलात आणि माळ्यावरून काचेच्या नळीचा जुना टीव्ही काढलात. बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट तीच टीव्हीकडे बघते, हे तेव्हा कळलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड ठरल्या वेळी दिसला तर नेम लागला. नवे टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात आणि बंदूक ज्या लुकलुकीची वाट बघत असते ती त्यांच्यात नसतेच. तो टीव्ही तुम्ही मला तसाच देऊन टाकलात. वर दम दिलात, की मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही, बंद करून ठेवलेली नळीही झटका देते. अजून उघडलेलं नाही.

खरं तर हे पत्र सेगा कंपनीच्या गेम गिअर या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी लिहायला घेतलं. 1990 चं यंत्र, मामेभावाच्या अडगळीतून आलेलं. आवाज नाही, चित्र जेमतेम. तुम्ही सोल्डरिंगचं टोक लावलंत आणि मासळीसारखा वास सुटला. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे बारके भाग, फुटून आतला द्राव बोर्डावर पसरलेला. या यंत्राचा हा जगजाहीर आजार. तुम्ही भिंगाखाली एकेक कपॅसिटर बदललात, खाल्लेल्या तांब्याच्या रेघांवर केसाएवढ्या तारा जोडल्यात. रंगीत पडदा उजळला तेव्हा मी ओरडलो होतो. खेळून पाहिल्यावर मत बनलं ते असं: सेगाचा धावरा हिरो सॉनिक दिसतो सुरेख, पण जोरात पळाला की नुसता फराटा. आणि सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांतच खलास, कारण पडद्यामागची दिव्याची नळीच सगळी वीज पिते. त्याच्या आदल्या वर्षीचा निन्टेन्डोचा गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर सहज जातो. पडदा हिरवट, दिवा नाही, तरी तोच खपला. तो बनवणारे गुनपेई योकोई जुन्या, स्वस्त झालेल्या तंत्रातून नवं काही काढण्याच्या मताचे होते. तुमचं त्यांच्याशी छान जमलं असतं.

धाकट्याची 'पोकेमॉन गोल्ड'ची कॅसेट. सेव्ह केलेला खेळ जपणारा आतला सेल मरायला टेकलेला. तो काढला असता तर त्याची शाळेच्या दिवसांतली खेळातली सगळी कमाई पुसली गेली असती. तुम्ही बाहेरून तीन व्होल्ट जोडून ठेवलेत, मग जुना सेल काढून नवा बसवलात. धाकटा सध्या जर्मनीत. त्याला फोटो पाठवला, तर थँक्यू नाही की काही नाही, "माझा टायफ्लोजन कितव्या लेव्हलला आहे?" असा त्या गेममधल्या प्राण्याबद्दल उलट निरोप. हा त्याच्याही वतीने नमस्कार समजा.

आताच्या कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकते, त्यावर तुम्ही वैतागून जे बोललात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मुद्दा पटला. आतली कार्बनची पट्टी घासली जाते, आणि सेगाने ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये न घासणारे चुंबकी सेन्सर 1998 मध्येच वापरले होते. चांगली गोष्ट हाताशी असून लोक ती सोडून देतात.

येत्या रविवारी 'राजी' घेऊन येतो. 2020 चा हा गेम आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या मंडळींनी केलाय. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, तिला दुर्गेने दिलेला त्रिशूळ, मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांमधून. भिंतींवरून पळणं झकास जमलंय, शेवट मात्र अर्धवट सोडल्यासारखा वाटला. तुम्ही खेळणार नाही हे गृहीत आहे. नुसते बघा.

आणि माळ्यावरचा तो दुसरा 21 इंची टीव्ही भंगारात घालणार असाल, तर आधी मला फोन करा. टेम्पोची सोय मी करतो.

आपला,
गेमवाला