मुंबईच्या खडपांवरील सारगॅसमसाठी मदतीचे आवाहन

मुंबईच्या खडपांवर वाढणाऱ्या सारगॅसम या तपकिरी समुद्रशैवालाची नियमित नोंद ठेवण्याचे काम आमच्या मंडळाने हाती घेतले असून, त्यासाठी नागरिकांनी आर्थिक साहाय्य आणि प्रत्यक्ष सहभाग द्यावा, अशी विनंती आहे.

सारगॅसमला मुळे नसतात. तळाच्या चकतीने ते खडकाला धरून राहते, हवेच्या लहान फुग्यांमुळे त्याच्या फांद्या पाण्यात उभ्या राहतात आणि त्यांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात. मात्र फलित अंडी काही काळ मूळ शैवालालाच चिकटून राहतात व नंतर बहुधा जवळपासच रुजतात. त्यामुळे एखाद्या खडपावरची वस्ती पूर्ण गेली की ती पुन्हा उभी राहणे फार अवघड होते.

सिडनीत हेच घडले. सारगॅसमच्याच गणातील क्रेवीड हे शैवाल 1980 च्या दशकात तेथील सुमारे 70 किलोमीटर किनाऱ्यावरून नाहीसे झाले, आणि त्याचा दोष मुख्यतः सांडपाण्याला दिला जातो. पुढे सांडपाणी खोल समुद्रात सोडले जाऊ लागले, पाणी सुधारले, तरी क्रेवीड आपणहून परतले नाही. संशोधकांनी दुसरीकडची नर व मादी शैवाले आणून खडकांवर बसवली, तेव्हा कुठे नवी पिढी रुजली. पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवरील बायफर्केरिया गालापाजेन्सिस हे तपकिरी शैवाल 1982-83 च्या एल निनोनंतर, म्हणजे त्या महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या घटनेनंतर, दिसेनासे झाले. ते त्या बेटांखेरीज कोठेच नसल्याने तेथे हा उपायही उरला नाही.

मुंबईत सांडपाणी आहे, गाळ आहे, भरावही आहे. प्रवाळांना कायद्याचे संरक्षण असल्याने किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली व वरळी येथील प्रवाळ 2020 मध्ये हलवण्यात आले. शैवालाची अशी विचारपूस सहसा होत नाही. डॅनिश शैवालतज्ज्ञ ब्योर्गेसेन यांनी 1930 च्या दशकात मुंबई इलाख्यातील तपकिरी शैवालांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. आजच्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहण्याचा आमचा मानस आहे.

देणगीतून मोजणीच्या चौकटी, रबरी बूट, टीपकागद आणि एक सूक्ष्मदर्शक घेतला जाईल. फलकांवर आणि सत्कारांवर खर्च होणार नाही. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडपांवर येऊ शकणारे स्वयंसेवक हवे आहेत. कोळीवाड्यांतील ज्येष्ठांनी पूर्वी हे शैवाल कोठे दाट असे ते सांगावे, तसेच महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी जुने वाळवलेले नमुने पाहू द्यावेत. नमुना म्हणून किनाऱ्याला वाहून आलेले तुकडेच आणावेत, खडकावरचे शैवाल कोणीही उपटू नये.