तात्या, वजनकाट्याच्या तिन्ही पावत्या अजून डॅशबोर्डमध्येच आहेत

नमस्कार तात्या,

आमच्या बससाठी फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं ठेवतो, हातात काम आहे" म्हणून कट करता, म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहितेय. नात वाचून दाखवेल तेव्हा उठून जाऊ नका प्लीज.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. तात्या एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, सगळी नोकरी बॉडीच्या कामात, आणि आता भोसरीला पुतण्याच्या शेडवर "नुसता बसायला" जातात. मी आयटीवाली, गाडीत डिझेल टाकण्यापलीकडं मला काही कळत नव्हतं. आईचं वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले, नर्मदा परिक्रमा करायची तिच्या फार मनात पण ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये रात्री बाथरूमचं काय, धर्मशाळेत इंडियन संडास असला तर बसेन पण उठेन कशी, ह्या एका गोष्टीपायी चार वर्षं नुसती पुढं ढकलतेय. त्यावरनं माझ्या डोक्यात आलं की एक जुनी बस घ्यायची आणि तिचंच घर करायचं. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं.

मला लाल परीच हवी होती. लिलावात जुनी एसटी मिळते का असं विचारलं तेव्हा तुम्ही जे हसलात ना तात्या! मग सांगितलंत की सरकारी गाडीला १५ वर्षं झाली की १ एप्रिल २०२३ पासून तिचं रजिस्ट्रेशन रिन्यूच होत नाही, ती भंगारातच जायची, "पत्रा मिळेल मॅडम, गाडी नाही मिळायची." शाळेची बस बघा म्हणालात, सकाळ-दुपार तेवढीच पळते आणि अख्खा मे महिना झोपून असते.

सव्वीस सीटर मिळाली, अकरा वर्षं जुनी, रंग एकदम चकाचक, मी तिथंच टोकन द्यायला निघाले होते. तुम्ही इंजिनकडं बघितलं पण नाही. खिशातनं लोहचुंबक काढलंत, रुमालात गुंडाळलंत आणि बसच्या कडेकडेनं फिरवत गेलात, मागच्या चाकावर आल्यावर ते चिकटेचना, रंगाखाली पत्र्याऐवजी सगळी लांबी (पुट्टी) भरलेली. मग पोतं टाकून खाली शिरलात आणि हातोडीनं चॅसी ठोकत गेलात, टण टण टण आणि मध्येच एक थप्प, म्हणजे तिथं गंजून गेलेलं. "हे थप्प लिहून घ्या, पंचावन्न हजाराचं आहे." आणि खरंच तेवढेच कमी करून घेतलेत! मालक शेवटी मला बाजूला घेऊन विचारतो, हे तुमचे कोण?

आणि कटर चालायच्या आधी कागद. मला वाटलेलं बस आपली, पैसे आपले, आपण काही पण करू. तुम्ही सांगितलंत की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर आधी परवानगी, नाहीतर उद्या काही झालं की इन्शुरन्सवाले पहिला तोच कागद काढतील. एक एजंट वीस हजार मागत होता, आधी करून घ्या मग पासिंगचं बघू म्हणत होता, त्याच्यापासून तुम्हीच वाचवलंत. मान्यतावाला फॅब्रिकेटर, त्याचं ड्रॉइंग, त्याचं सर्टिफिकेट, मग आरटीओ, ह्यात सव्वातीन महिने गेले आणि मी रोज चिडले. पण आता आरसीवर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असं छापील आहे, रंग पिवळ्याचा क्रीम झालाय तो पण नोंदलेला आहे, त्यामुळे नाक्यावर कुणी अडवलं तर मी आधी कागद दाखवते आणि मग आत चहाला बोलावते.

आता काट्याचं. हे सगळ्यांनी वाचा ज्यांना असलं काही करायचंय. सीटा काढल्याबरोबर तुम्ही बस वजनकाट्यावर न्यायला लावलीत, ३१८० किलो. मला तेव्हा ते फालतू वाटलं होतं. माझ्या लिस्टमध्ये ग्रॅनाइटचा ओटा होता, अठरा एमएम प्लायची कपाटं होती, तीनशे लिटरची टाकी आणि एसी होता. तुम्ही लिस्ट वाचलीत, चष्मा काढलात, "ही गाडी आहे, फ्लॅट नाही." ग्रॅनाइट गेला, प्लाय पातळ झाला. एसीवर मी भांडले तर तुम्ही पुतण्याच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब मांडलात, बारा व्होल्टची दोनशे एएच (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट, एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खाणार, म्हणजे झोप लागेपर्यंत बॅटरी संपली. दोन पंखे आणि टपावर एक व्हेंट. (मे महिन्यात मी तुम्हाला शिव्या घालणारे, आधीच सांगून ठेवते.)

तरी काम झाल्यावर दुसऱ्यांदा काट्यावर नेली तेव्हा काटेवाला म्हणाला, ताई काय भरलंय? तुम्ही म्हणालात, संसार. टोटल आरसीवरच्या कमाल वजनाच्या बरीच आत होती, मी खूश. तुम्ही मात्र मला बस पुढंमागं करायला लावून फक्त डाव्या बाजूची चाकं काट्यावर घेतलीत, मग फक्त उजव्या, आणि निघालं काय की डावी बाजू ३१० किलोनं जड! ओटा, संडास, पाण्याची टाकी, सगळं एकाच अंगाला. पाणी लिटरला एक किलो, आणि ते गप्प बसत नाही, तुम्ही डावीकडं वळलात की ते उजवीकडं पळतं, हे मला शाळेत शिकवलेलं पण कळलं त्या दिवशी. टाकी १२० लिटरची केलीत, आत आडव्या पट्ट्या घातल्यात, ती आणि बॅटऱ्या उजवीकडं मागच्या एक्सलच्या पुढं घेतल्यात. तिसऱ्या पावतीवर फरक ६० किलो. मग कुठं पेढा खाल्लात.

तुमचा पुतण्या बिचारा किती ओरडा खायचा. अल्युमिनियमचा पत्रा थेट लोखंडी सेक्शनवर ठेवून रिव्हेट मारायला लागला तर तुम्ही हातातला चहा टाकून धावलात. मध्ये रबर पट्टी का, तर दोन्हीच्या मध्ये पाणी शिरलं की त्यांची आपसात बॅटरी होते आणि अल्युमिनियमची पांढरी पावडर होऊन जाते. गॅसच्या कप्प्याला भोक खाली जमिनीलाच का, तर गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, वर जाळी लावून उपयोग शून्य.

ती रात्र मात्र मी विसरणार नाही. टपाची गळकी भोकं बुजवायच्या आधी तुम्ही आम्हाला बसमध्ये कोंडलंत, काचांना काळे कागद, दिवे बंद, आणि बाहेरनं पुतण्या हॅलोजन घेऊन शिडीवर. डोळे अंधाराला सरावले आणि टपाला एकेक चांदणी फुटायला लागली. आई म्हणाली अगं बाई. तुम्ही खडूनं प्रत्येक चांदणीभोवती गोल काढून नंबर टाकत होतात, सतरा निघाल्या, आणि सतराव्याला म्हणालात, "एवढं आभाळ बरं नाही."

आणि आईचं माप. मी नेटवरनं बेडची, कमोडची उंची काढून आणलेली, तुम्ही ती बघितली पण नाही. आईला शेडवर बोलवलंत, दोन विटांवर फळी टाकून बसवलंत, उठा म्हणालात. नाही जमलं. एक वीट वाढवली, जमलं पण हात टेकून. मग विटेवर एकेक प्लायचा तुकडा ठेवत गेलात, दर वेळी आई बसतेय उठतेय, शेवटी एकदा हात मांडीवरच ठेवून ती सहज उठली आणि स्वतःच दचकली. टेप लावली, साडेअठरा इंच. बेड साडेअठरा, कमोड साडेअठरा, समोरची खुर्ची पण साडेअठरा. दाराखाली घडीची एक जादा पायरी वेल्ड केलीत, त्याचे पैसे घेतले नाहीत, भंगारातली पट्टी होती म्हणे. नवी कोरी पट्टी होती तात्या, मी बिल बघितलंय.

परिक्रमा झाली. ओंकारेश्वरहून उचलली, नर्मदामाई कायम उजव्या हाताला, एकोणीस दिवस. चालवली मीच, साडेसात टनाच्या आतली गाडी कारच्या लायसन्सवर चालते हे पण मला तुमच्याकडनंच कळलं. येताना सेंधव्याकडनं पळासनेरला बिजासन घाट उतरताना पुढचे ट्रक ब्रेकचा जळका वास सोडत होते आणि माझ्या कानात तुमचंच चालू होतं, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. मॅडमवरनं तुम्ही कधी पोरीवर आलात ते काही लक्षात नाही, बहुतेक मी पहिल्यांदा बस शेडच्या खांबाला घासली त्या दिवशी.

आई एकोणीस रात्रींत एकदाही मला उठवायला आली नाही. अमरकंटकला पहाटे जाग आली तर तिचा बेड रिकामा, मी घाबरून बाहेर आले, तर बाई पायरीवर बसून स्वतः केलेला चहा पितेय.

आता तक्रार. अकरा नंबरच्या गोलातनं थेंब येतोय, खाली पातेलं ठेवलंय. दिवाळीनंतरच्या रविवारी बस घेऊन येते, जाता जाता काट्यावर पण घालू, कारण आईनं वाटेत दोन दगडी खलबत्ते घेतलेत आणि ते डावीकडं ठेवलेत.

तुमची,
खांबाला घासणारी